मावशीच्या व्हॅनचा डबा

गाडीच्या कॉम्प्युटरला ताप आलाय का, हे पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवून बघणारी एकच बाई मी पाहिली. उरणकडच्या कोळीवाड्यातून ती पहाटे स्वतः व्हॅन चालवत पनवेलच्या बाजारात मासे आणायची. अख्खा बाजार तिला मावशी म्हणायचा, म्हणून मीही. गाड्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. मावशी त्याला डबा म्हणायची आणि फडक्यात गुंडाळून, कडेवर घेऊन दुकानात यायची.

दुखणं दर वेळी तेच. डबा सीटखाली, आणि मागच्या माशांच्या पाट्यांतलं बर्फाचं खारं पाणी ओघळत थेट त्याच्यात. उघडला की आतल्या पिना हिरव्यागार. मी करवादायचो, "मावशी, खारं पाणी म्हणजे याला विष आहे विष!"

"आमाला काय नाय झाला जन्मभर," ती म्हणायची, "यालाच कसा होतो?"

शेवटी मी तो सीटच्या मागे उंचावर बांधून दिला. मावशीने त्याच्याही वर पाटी रचली. जागा मोकळी दिसली, म्हणे.

एकदा तिने विचारलं, हा नक्की करतो तरी काय? मी सांगितलं, हवा किती आली, इंजिन किती तापलं, तुझा पाय पेडलवर किती दाबलाय, हे तो सगळ्यांना सारखं विचारत असतो. मग पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, ते ठरवतो.

"म्हंजे घरातली थोरली सून," मावशी म्हणाली. "सगल्यांचा ऐकायचा, सगल्यांना वाढायचा, न काय बिघडला का बोल तिलाच!"

गिऱ्हाइकांना मी अजून हेच सांगतो. बायकांना लगेच कळतं.

नवी व्हॅन घे म्हटलं की मात्र ती मुलाचं गाऱ्हाणं काढायची. मुलगा तिला घरी बसवायला टपलेलाच होता. "परत बंद पडली तर विकनार, बोललाय. घरी बसून मी काय भिंतीशी भांडू? बरा कर रे बाला याला." मग मी हातातलं काम बाजूला सारून आधी तिचा डबा घ्यायचो.

गेल्या पावसाळ्याआधी ती डबा आणि चावी ठेवून गेली. चावी लागतेच; आपल्या चावीची खूण पटल्याशिवाय हा डबा इंजिन चालू होऊच देत नाही. "सोमवारी नेते," म्हणाली, आणि निघताना त्याच्यावर हात ठेवून गेली. सोमवार गेला, पुढचाही गेला. फोन केला तर मुलाने उचलला.

"आई गेली, दादा. झोपेतच. आदल्या दिवशी पन रिक्षा करून बाजारात गेलेली, ऐकलाच नाय." मग म्हणाला, "व्हॅन भंगारात दिली. डबा तुमीच ठेवा."

म्हणजे तिला घरी बसवणं कुणाला जमलं नाही. मला याचा आनंद होतो.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की कधीकधी मी तो डबा टेबलावर घेऊन वीज जोडतो. मावशीची चावी जवळ नेली की तो लगेच ओळखतो. मग हवेला विचारतो, इंजिनला विचारतो, पायाला विचारतो. कुणीच उत्तर देत नाही, तरी जागा राहून वाट बघतो. मी त्याच्यावर हात ठेवतो. कोमट लागतो. वीज बंद करायला काही माझा हात धजत नाही.