मर्ल क्विल्टीने कातरणे थांबवले

मर्ल क्विल्टीने आमच्या गावातल्या निम्म्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवले, तेही ट्रीकल नावाच्या एकाच बुटक्या घोडीवर. मर्ल चौसष्ट वर्षांची, घोडी तेवीस. नोव्हेंबरच्या, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या वसंतातल्या, कृषी प्रदर्शनात सर्वांत टापटीप घोडीची निळी फीत सलग तीन वर्षे ट्रीकलला मिळाली होती. त्यासाठी आधीच्या आठवड्यात मर्ल यंत्राने तिचे केस असे कातरायची की अंग रेशमासारखे चमकायचे.

७ डिसेंबर २००९, सोमवार. ट्रीकल कुरणातून हलेना. पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागे घेऊन उभी. खुरे तापलेली. दोन वर्षांतले हे चौथे दुखणे. दर वेळी आम्ही कोवळ्या गवतातल्या साखरेला दोष देऊन मोकळे झालो होतो.

मर्लचा थोरला भाऊ डेझ कुंपणापाशी येऊन म्हणाला, "बास आता, मर्ल. किती हाल करशील तिचे? गुरुवारी मी बंदूक घेऊन येतो."

"तुझा गुडघा दोनदा बदलला. तुला घातली का कुणी गोळी?"

"तुझ्या हातात असतं तर केव्हाच घातली असतीस!"

ती हसली नाही. गुरुवारला तीन दिवस उरले होते.

मंगळवारी नवी पशुवैद्य इलोना साबो आली. मी शेजारीण, चहाची किटली घेऊन तिथेच होते. पायांकडे वाकण्याआधी ती घोडीच्या पाठीकडेच बघत राहिली. कणा वर आलेला, पोट सुटलेले.

"पाणी किती पिते?"

"दिवसातून दोनदा टाकी भरते मी. उन्हाळा आहे ना, डॉक्टरीणबाई."

"आणि हिवाळ्याचे केस कधी गळतात?"

मी घरी जाऊन माझी जुनी डायरी आणली आणि वाचून दाखवले : २ नोव्हेंबर २००६, ट्रीकल अजून अस्वलासारखी केसाळ, मर्लने कातरायचे यंत्र विकत घेतले.

"मर्लबाई," इलोना म्हणाली, "आजार दर वर्षी तुम्हाला चिठ्ठी धाडत होता, आणि तुम्ही ती कातरून टाकत होतात."

मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते, तिने समजावले. म्हातारपणी ती बेताल होते आणि रक्तात नको तेवढे संप्रेरक सोडते. मग केस गळत नाहीत, तहान वाढते, मांस झडते, साखर सोसत नाही आणि खुरे आतून सुजतात. हा आजार बरा होत नाही, पण आवरता येतो.

मर्ल उलट्या बादलीवर बसली. "म्हणजे मीच केलं हे."

"आजार तुम्ही दिलेला नाही. फक्त झाकलात. रक्त काढू द्या मला."

बुधवारी संध्याकाळी फोन आला. रक्तातल्या त्या संप्रेरकाचा आकडा निरोगी घोड्याच्या सहापट होता. मर्ल तडक डेझच्या दारात गेली.

"बंदूक राहू दे घरी. उद्या ट्रॉलीभर वाळू आण."

डेझने दोन ट्रॉल्या आणल्या. ट्रीकल मऊ वाळूच्या आवारात गेली, कुरणाला कुलूप लागले. वाळलेला चारा तासभर भिजवून त्यातली साखर उतरवायची आणि ते पाणी फेकून द्यायचे. दर पाच आठवड्यांनी नालबंदाने खुरे तासायची. सकाळी सातला औषधाची गोळी, ती मात्र ट्रीकल थुंकायची. मर्लने जॅम-पावात घातली, तर इलोना ओरडली, "साखर! विष द्या त्यापेक्षा!" शेवटी मूठभर ओल्या कुट्टीत जमले. मर्लकडच्या इंग्लंडच्या पुस्तकात सप्टेंबरात जपा असे होते, कारण हे संप्रेरक पानगळीत चढते आणि तिकडे तेव्हा पानगळ. आमची पानगळ मार्चात, म्हणून मर्लने तिथे 'मार्च' लिहिले, आणि मार्चमध्ये रक्त तपासून डोस वाढवून घेतला.

११ ऑक्टोबरला ती दोन्ही मुठी केसांनी भरून माझ्या स्वयंपाकघरात धावत आली. "बघ गं! आपणहून टाकले तिने. आपणहून!" केस माझ्या पिठात पडले.

नोव्हेंबरच्या प्रदर्शनात ट्रीकल न कातरता रिंगणात उतरली आणि मर्लने लगाम सैल सोडताच दुडक्या चालीने पूर्ण फेरी मारली. डेझ इतक्या मोठ्याने शिट्ट्या वाजवत होता की परीक्षकाने त्याला दोनदा गप्प केले. निळी फीत दुसऱ्याच घोडीला गेली. मर्लला पत्ताच नव्हता, कारण तोवर चार जण तिला गाठून आपापल्या म्हाताऱ्या घोड्यांबद्दल विचारत होते.

"आधी मला सांगा," ती प्रत्येकाला दरडावत होती, "कातरता का तुम्ही त्याला?"