सुधावहिनींचं सीमोल्लंघन

बर्लिनच्या जमिनीत दगड नाही. खणलं की वाळू लागते, आणखी थोडं खणलं की पाणी. या शहरात मी आयुष्यभर पाइप टाकले, म्हणून सांगतो. फुटपाथांवर दिसणारा ग्रॅनाइट सगळा बाहेरून आणलेला. तो वाळूत पक्का बसवायचं काम दत्तात्रय करायचा.

दत्तात्रय मूळचा सासवडकडचा. त्याचे वडील पाटे-वरवंटे घडवून बाजारात विकायचे. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास तो पश्चिम बर्लिनला आला आणि फरसबंदीच्या कामाला लागला. मुठीएवढे चौकोनी दगड कमानीच्या ओळींत लावायचे, फटींत वाळू भरायची, वरून धुमस मारायचा. सगळं गुडघ्यांवर बसून. हातातला दगड तो एकदाच फिरवायचा आणि कोणती बाजू वर ठेवायची ते ठरवायचा. दोनदा फिरवणाऱ्याला काम येत नाही, असं त्याचं मत. डांबराला तो ‘ओतलेलं काम’ म्हणायचा. ओतायला काय लागतं, असं त्यामागे असायचं.

त्याची बायको सुधा एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होती. मोआबिट भागात, जुन्या इमारतीत, अंगणामागच्या बाजूला तळमजल्यावर ते राहायचे. तसल्या इमारतीतून रस्त्यावर यायचं तर आधी अंगण, म्हणजे होफ, ओलांडावं लागतं. या होफची फरसबंदी दत्तात्रयनेच केली होती. चांगलं काम होतं. बारा-चौदा हिवाळे गेले, एक दगड खाली गेला नव्हता.

दसऱ्याला त्यांचा एक नेम होता. भिंत होती तोवर पश्चिम बर्लिनला चहूकडून कुंपण. वेस ओलांडायची तर व्हिसा. सुधावहिनी म्हणायच्या, व्हिसा काढून कुणी सीमोल्लंघन करतं का? भिंत पडल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला दोघं चालत ब्रांडेनबुर्ग दरवाजाला गेले आणि भिंतीची जागा ओलांडून पूर्वेला उतरले. पुढे दर वर्षी गेले. आपट्याऐवजी जिंकगोची पिवळी पानं वाटायचे. नंतर शहराने भिंतीच्या जागी दगडांची दुहेरी ओळ बसवली. त्यातला दरवाजासमोरचा तुकडा दत्तात्रयच्या हातचा.

दोन हजार सातच्या वसंतात वहिनी तळघराच्या जिन्यावरून पडल्या. मणका चेपला. ऑपरेशन झालं, पण फार चालता येईना. व्हीलचेअर आली. पहिल्याच दिवशी दत्तात्रयने त्यांना होफमधून बाहेर नेलं. रस्त्यापर्यंत पोचेतो त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणाल्या, परत चला. त्यानंतर त्या बाहेर पडल्या नाहीत. फिजिओथेरपी करणारी बाई घरी येऊ लागली. उन्हाळा गेला.

मुलगी मैथिली ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. ती दर आठवड्याला फोनवर सांगायची, दोघं इकडे या, माझ्या इमारतीला लिफ्ट आहे, खाली सगळा गुळगुळीत रस्ता आहे. आईला घरात कोंडून ठेवण्यात काय अर्थ आहे, असं तिने वडिलांना ऐकवलं. हिवाळ्याआधी जायचं जवळपास ठरलं. वहिनींना जायचं नव्हतं. पण खिडकीत बसून राहायचं तर हे शहर काय आणि ते शहर काय, असं त्या म्हणू लागल्या होत्या.

दत्तात्रयला मनातून वाटायचं, ती धास्तीने बसली आहे. फरसबंदीला लेव्हल लावून दाखवतो म्हणायचा. एकदा माझ्यासमोर तो विषय निघाला. तो म्हणाला, दगडांचं एवढं काही लागत नसणार.

वहिनी पलंगावर पाठीला उशी लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, “रमेशभावजी, ह्यांना खुर्चीत बसवा आणि होफमधून एक चक्कर मारा. जन्मभर दगडावर गुडघे टेकलेत, बूड टेकलेलं नाही.”

तो हसत बसला. मी ढकललं. बारीक पुढची चाकं फटीफटीत अडकत होती आणि प्रत्येक दगडाचा दणका खुर्चीच्या दांड्यांतून माझ्या मनगटांत येत होता. त्याचं हसू फाटकाच्या अलीकडेच थांबलं. फाटकापाशी मी खुर्ची वळवली तेव्हा तो म्हणाला, थांब, आणि उतरून चालत घरी गेला.  

दुसऱ्या दिवशी त्याने इमारतीच्या व्यवस्थापनाला फोन केला. दारापासून फाटकापर्यंत सपाट लाद्यांचा पट्टा टाकायचा आहे म्हणाला. तिथल्या माणसाने सांगितलं, तुम्हीच करत असाल तर करा, आमच्याकडे माणूस नाही. निवृत्त झालेल्या माणसाचे गुडघे कसे असतात ते फरसबंदीवाल्यांना विचारा. तरी तो बसला. आपल्याच कमानी मधोमध कापत गेला. पक्कं बसवलेलं उखडायला बसवण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. एकेक दगड पहारीने सुटा करावा लागत होता. काढलेले दगड त्याने फेकले नाहीत, भिंतीकडेला रचले. लाद्या जुन्या ग्रॅनाइटच्या, घासून गुळगुळीत झालेल्या. उचलायला मी होतो. बसवायला त्याने मला हात लावू दिला नाही. जोडावर नख फिरवून बघायचा आणि अडकलं तर लादी परत उचलायचा. वहिनी खिडकीतून बघत होत्या. एकदा म्हणाल्या, “अहो, तुमची नक्षी गेली.”

“या,” तो म्हणाला. जर्मन ‘या’, म्हणजे हो. एवढंच.

पट्टा झाला. मग तो रिकामी खुर्ची ढकलत शहरात फिरला. मोआबिटच्या फुटपाथांवर मधे मोठ्या लाद्या असतात, पण गाड्या आत शिरायच्या प्रत्येक फाटकापाशी त्या तुटून खडबडीत दगड येतात. ते त्याने टाळले. पुलावरून स्प्रे नदी ओलांडायची, बेलव्यू राजवाड्यावरून विजयस्तंभाच्या चौकात यायचं, तिथून टियरगार्टन बागेतून जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेने सरळ दरवाजापर्यंत. शेवटचा हा सगळा रस्ता डांबरी. ओतलेलं काम कसं आहे, असं मी विचारलं. तो म्हणाला, ठीक आहे.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. थंडी होती, ऊन होतं. वहिनींनी साडीवर जाड कोट घातला. होफमधून खुर्ची आवाज न करता गेली. फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी घट्ट धरलेले हात सोडले. नदीवर थांबायला लावलं, स्तंभापाशी मान वर करून सोनेरी पुतळीकडे बघत राहिल्या. पण पाठ दुखत असणार, कारण नंतर बोलणं कमी झालं.

दरवाजासमोरच्या रस्त्यात ती दगडांची दुहेरी ओळ आहे. सिग्नलपाशी दत्तात्रयने खुर्ची उलटी फिरवली. आधी मोठी मागची चाकं ओळीवर चढली की दणका कमी बसतो, हे त्याने करून पाहिलं होतं.

“हे काय?” वहिनी म्हणाल्या.

“असं नेलं की लागत नाही.”

“पाठ करून सीमोल्लंघन? सरळ करा मला.”

सिग्नल हिरवा झाला. त्याने समजावलं, मणका आहे, उगाच हट्ट कशाला. सिग्नल लाल झाला. त्या म्हणाल्या, “तुमचे आहेत ना ते दगड? मग तोंडावर घेते.” मागची सायकलवाली बाई वाट बघून बाजूने निघून गेली. पुन्हा हिरवा झाला तेव्हा दत्तात्रयने खुर्ची सरळ केली आणि पुढची चाकं थोडी उचलून, जपून, ओळीवरून नेली. तरी दणका बसला. वहिनींनी दातांतून श्वास घेतला आणि पलीकडच्या फुटपाथवर पोचेपर्यंत सोडला नाही.

दरवाजाखालची जमीन दगडी, म्हणून आत जायचं नाही असं आधीच ठरलं होतं. त्या खांबांकडे बघत बसल्या. मग दत्तात्रयला म्हणाल्या, मैथिलीला कळवा, लिफ्ट तिलाच लखलाभ. पुढच्या रविवारी कालव्याकडे जायचं, तिकडचा रस्ता तेवढा आधी बघून ठेवा.

परतताना ओळ पुन्हा आली. त्याने खुर्ची सरळ धरली होती.

“आता उलटी फिरवा,” त्या म्हणाल्या. “घरी जाताना चालतं.”

त्याने फिरवली आणि मागे ओढत ओढत त्यांना रस्ता पार करवला.