माझ्या माइकमधला ड्रमवाला

आमच्या बँडमध्ये मी गायची आणि माझ्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एक माणूस ड्रम्स बडवायचा. ‘बडवायचा’ हा शब्द माझा. तो स्वतः ‘वाजवतो’ म्हणायचा. मस्कतमध्ये आम्हाला मिळणारे हॉल शाळांचे नाहीतर हॉटेलांचे, पायाखाली गुळगुळीत फरशी, डोक्यावर बुटकं छत, आणि त्यात त्याचा तो दणदणाट. माझे कान किटून जायचे. प्रत्येक गाण्याआधी मी मागे वळून सांगायची, “भाई, जरा हळू.” तो शहाण्यासारखी मान डोलवायचा आणि तितक्याच जोरात वाजवायचा. एकदा मी फारच तडतडले तेव्हा म्हणाला, “हलू वाजवला तर तो रॉक कसला, बाय? त्यापेक्षा अंगाईच म्हनूया.”

बाय म्हणजे त्याच्याकडे धाकट्या बहिणीला म्हणतात. तो रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. मस्कतहून दोन तासांवरच्या सहम गावात त्याचं टाइल्सचं आणि नळाच्या सामानाचं दुकान होतं. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की गाडी काढून तो मस्कतच्या अझैबा भागात यायचा. तिथे आमच्या गिटारवाल्याच्या घरामागच्या खोलीत भिंतींना जुने गालिचे ठोकून आम्ही सराव करत असू. गिटारवाला नागपूरचा, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. बेस वाजवणारा एका ऑफिसात हिशेब बघायचा आणि अजिबात बोलायचा नाही. बोलायचं काम मी सगळ्यांच्या वतीने करायची.

बाकीचे ड्रमवाले गाणं सुरू करताना वन, टू, थ्री, फोर मोजतात. आमचा भाई काड्या एकमेकींवर आपटून “यल्ला” म्हणायचा, म्हणजे अरबीत ‘चला’. गाणं संपवायच्या वेळी तो हळूच “खलास” म्हणायचा आणि आम्ही चौघे एका ठोक्यावर थांबायचो. दुकानात ट्रकमधून माल उतरवून घेताना तो हेच दोन शब्द वापरायचा. आम्ही आमचीच गाणी म्हणायचो, मराठी, गिटारवाल्याच्या चालींवर. चौदा एप्रिलचा कार्यक्रम असो, ईदनंतरची पार्टी असो की कुणाच्या शेतावरचा वाढदिवस, बोलावलं की आम्ही जायचो. स्टुडिओत मात्र कधी गेलो नाही. पुढच्या सुट्टीत जाऊ, इन्शाल्ला, असं दर वर्षी ठरायचं.

एका सकाळी त्याने दुकानाचं शटर वर केलं, खुर्चीत बसला आणि परत उठला नाही. सहमलाच दफन झालं. गिटारवाला आणि बेसवाला कब्रस्तानात गेले तेव्हा मी त्याच्या बायकोजवळ बसले होते. खोलीत पुष्कळ बायका होत्या आणि कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. मला सारखं वाटत होतं की इतकी शांतता त्याला आवडली नसती.

अल्बमची कल्पना गिटारवाल्याची. त्याला काहीही जपून ठेवायची खोड आहे, तुटक्या वायरीसुद्धा तो टाकत नाही. आमचा जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम त्याने रेकॉर्ड केला होता, तोही प्रत्येक माइकचा आवाज वेगवेगळा. त्यातली चांगली गाणी निवडून, साफसूफ करून एक लाइव्ह अल्बम काढायचा, भाईच्या नावाने. आम्ही दोघांनी लगेच हो म्हटलं. दुसरं काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं.

हे त्याच्या मुलीला कळलं. ती दहावीत होती. राहण्याचा परवाना बापाच्या नोकरीधंद्यावर, त्यामुळे बोर्डाची परीक्षा झाली की मायलेकी रत्नागिरीला कायमच्या जाणार होत्या. तिने मला फोन केला. इंडियन स्कूलमधली मुलं मराठी बोलतात तशीच, वाळूत पाय टाकत चालल्यासारखी, थांबत थांबत ती बोलली. “आंटी, मला एक पाहिजे. फक्त अब्बांचं. म्हणजे, गाणं नाही. ओन्ली ड्रम्स. ते घरी पिलोवर वाजवायचे ना, नेबर्स चिडतात म्हणून. मी रियलवाला नीट ऐकलाच नाही.” तिच्याकडे लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ होते, पण त्यात टाळ्या, शिट्ट्या आणि शेजारच्या टेबलावरचं बोलणंच जास्त. सहमहून मस्कतला येणं, शाळा, परीक्षा, यात ती आमच्या कार्यक्रमांना फारशी आलीच नव्हती.

मी म्हटलं, “देते. जायच्या आधी देते.” इतकं सोपं काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं असं मला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी गिटारवाल्याने संगणकावर सगळं उघडलं. माझा माइक, त्याचा माइक, गिटारचा माइक, बेसची वायर. मी विचारलं, “आणि ड्रम्स?” त्याने यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली. ड्रम्सचं रेकॉर्डिंग नव्हतं. कुठल्याच कार्यक्रमाचं नव्हतं. मग आठवलं. आमच्या मिक्सरला माइक जोडायच्या जागा मोजक्या, आणि ड्रम्सना माइक लावायचे तर एकदम चार-पाच लागतात. भाईने पहिल्याच कार्यक्रमाला सांगून टाकलं होतं, “माझा आवाज असाच भिंतीपल्याड जातो. माझ्या जागा तुम्ही घ्या.” आम्ही घेतल्या, आणि पुन्हा कधी तो विषयच निघाला नाही. आता मुलीला काय तोंड दाखवायचं?

निदान अल्बम तरी धड व्हावा म्हणून गिटारवाल्याने अझैब्यातल्याच दुसऱ्या एका बँडच्या ड्रमवाल्याला बोलावलं. भला माणूस. कानाला हेडफोन लावून त्याने एका गाण्याला नीटनेटके, साफ ड्रम्स वाजवून दिले आणि पैशाचं नावही न काढता गेला. आम्ही ते जोडून ऐकायला बसलो. काहीतरी विचित्र वाटत होतं. एकाच घरात दोन माणसं चालत असावीत तसे ठोके येत होते, एक नवा, आणि त्याच्या किंचित आधी आणखी एक. गिटारवाल्याने नवे ड्रम्स बंद केले. ठोके थांबले नाहीत. बेस बंद केला, गिटार बंद केली, स्वतःचा माइक बंद केला. शेवटी फक्त माझा माइक उरला.

मी गात होते. आणि माझ्या पाठीमागे भाई वाजवत होता. अख्खा. झांजेची किणकिण, पायाखालच्या मोठ्या ड्रमचा दणका, काड्यांचा टकटकाट, सगळं माझ्याच माइकात शिरलेलं.

गिटारवाल्याने मग कुठलंसं सॉफ्टवेअर लावून त्याला माझ्या आवाजातून वेगळा काढायचा प्रयत्न केला. तर माझा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला आणि ठोके तिथेच राहिले. त्याने स्वतःचा माइक ऐकला. तिथेही भाई, जरा लांबून. गिटारच्या माइकात भाई. ज्या माणसाने एकही माइक घेतला नाही, तो आमच्या प्रत्येकाच्या माइकात होता, आणि त्याला पुसायचं तर आधी आम्हाला स्वतःला पुसावं लागणार होतं. फक्त बेस थेट वायरीने मिक्सरमध्ये जायचा, तिथे काही नव्हतं. आमचा न बोलणारा माणूस बराच वेळ हेडफोन कानाला दाबून बसला आणि म्हणाला, “माझ्यातच तेवढा नाही तो.” त्याला इतकं दुःखी मी दफनाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

नव्या ड्रमवाल्याला फोन करून माफी मागितली. अल्बममध्ये भाईच वाजवणार हे ठरलं, जसा आहे तसा, आमच्या आवाजांच्या आडून. पण मुलीला तो एकटा हवा होता. उपाय एकच दिसत होता. सगळ्यात जवळचा माइक माझा. मी जिथे जिथे गप्प असेन, तिथे तिथे फक्त तो असेल. ते तुकडे शोधायचे.

आता माझी ही अडचण जगजाहीर आहे. मी गप्प बसत नाही. गाणं संपलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. गिटारवाला जीव ओतून एकट्याने वाजवतोय, तेव्हाही मी माइकवर लोकांना टाळ्या वाजवायला लावतेय. आम्ही दोन शुक्रवार ऐकत बसलो आणि हाती चिमूटभर तुकडे लागले, तेही मी पाणी पीत होते म्हणून. त्या तुकड्यांत मात्र भाईची कुजबुज होती. “आता बाय बोलनार, बसा आरामात.” मी हे कधीच ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या मागे बसून माझी टर उडवत होता. मी हसले, आणि मग बराच वेळ मला काही दिसेना.

गिटारवाला म्हणाला, “ताई, तुम्ही श्वास कधी घेता?” मग थोडा चाचरला. “एक आहे, पण. इब्राचं. पुसलं नाही मी ते.”

मस्कतपासून लांब, इब्रा गावातला तो कार्यक्रम म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट संध्याकाळ. एका कंपनीच्या कामगारांचं स्नेहसंमेलन होतं. दिवसभर धुळीचं वादळ, त्यात वाटेत गाडीचा एसी बंद पडलेला. मी पहिली दोन गाणी कशीबशी ओढली आणि तिसऱ्याला, माझ्या सगळ्यात लाडक्या गाण्याला, तोंड उघडलं तर नुसती हवा आली. मी माइक स्टँडवर ठेवला आणि सरळ बाहेर निघून गेले. पार्किंगमध्ये उभी राहून भिंतीतून येणारे धपधप आवाज ऐकत रडले. परतीच्या वाटेवर भाई म्हणाला, “आज बायच्या आवाजानं ड्रम्सला काय तरास दिला नाय.” त्यानंतर कितीतरी शुक्रवार मी त्याच्याशी बोलले नाही. गिटारवाल्याला मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकायला सांगितलं होतं आणि त्याने “पुसलं” म्हणून सांगितलंही होतं.

“खोटं बोललास?” मी विचारलं.

“मग? काहून पुसू? एक अख्खं गाणं, तुमचा माइक उघडा, समोर कोणी नाही, अन् मागे भाई.”

मुलीला त्या शनिवारी सकाळी बोलावलं. ती आणि तिची आई निघण्याआधी मस्कतला वकिलातीच्या कामासाठी आल्या होत्या. आई बाहेरच्या खोलीत बसली, तिला ऐकवेल असं वाटत नव्हतं. मुलगी आत आली, गालिच्यांकडे बघत राहिली, मग खुर्चीत बसली. ते गाणं मस्कतहून सहमकडे जाणाऱ्या बटिना हायवेबद्दल आहे, राउंडअबाउटमागून राउंडअबाउट येतात आणि माणूस विचारतो, ‘कुठल्या वळणावर सांग, घर आपलं राहिलं.’ मी तिला सांगून ठेवलं की यात गाणारं कुणी नाही. खरं तर अल्बमसाठी त्यावर मी नंतर आवाज भरावा असं आमचं ठरत आलं होतं. माझी ती अर्धवट राहिलेली संध्याकाळ एकदाची पुरी झाली असती.

गिटारवाल्याने फक्त माझा माइक सुरू केला. काड्यांचा आवाज आला. “यल्ला.” मुलीने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली.

मी गायला सुरुवात करते ती जागा आली. माझा तो फसलेला श्वास ऐकू आला, मग स्टँडवर माइक ठेवल्याचा खट्ट आवाज. आणि पुढे जे झालं ते मी त्या दिवशी ऐकलंच नव्हतं, मी पार्किंगमध्ये होते. भाई थांबला नाही, गडबडलाही नाही. एका हाताने त्याने ताल धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने, लहानमोठ्या ड्रम्सवर, माझी ओळ वाजवली. कुठल्या अक्षरावर मी जोर देते, कुठे थांबते, ‘वळणावर’ कशी लांबवते, सगळं तंतोतंत. ड्रम्सवर शब्द कळतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझं अख्खं कडवं तो माझ्यासाठी म्हणत होता. ज्याला मी दर गाण्याला हळू वाजव म्हणून दटावलं, त्याने माझा श्वासन् श्वास लक्षात ठेवला होता.

दुसरं कडवं सुरू झालं आणि खोलीत कुणीतरी गायला लागलं. मी गिटारवाल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मुलगी गात होती, समोर बघत, बारीक आवाजात. एकही शब्द अडखळत नव्हता. मराठीत धड एक वाक्य सलग न बोलणारी ती पोर माझं गाणं माझ्यापेक्षा नीट म्हणत होती. नंतर तिने सांगितलं, घरी अब्बा उशीवर वाजवायचे तेव्हा तुमचा पार्ट मीच म्हणायचे.

तिने गाणं शेवटपर्यंत नेलं. शेवटचे ठोके आले. “खलास,” भाई म्हणाला, आणि ती ठोक्यावर बरोबर थांबली.

मग टाळ्या सुरू व्हायच्या आधी, माझ्या रिकाम्या माइकात, त्याचा आवाज आणखी एकदा आला. धाप लागलेला, कुणाला तरी सांगणारा. “तिला पानी द्या रे कोनतरी. बाहेर गेली बघा ती.”

इब्राला ते पाणी माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी उठले, आतून ग्लास भरून आणला आणि मुलीच्या हातात दिला. आवाज भरायचा विषय मी पुन्हा काढला नाही.