विहिरीतलं इंजन

नव्या जालन्यात स्टेशनच्या मालधक्क्यावर तातेराव हमाली करायचा. दुष्काळाची वर्षं सरली तशी मालगाडीतून एक नवाच माल उतरायला लागला. लाकडी पेट्या, वजनाला भलत्याच भारी, आणि आत डिझेलची इंजनं. ज्याच्या विहिरीला म्हणून पाणी लागलं होतं तो शेतकरी बैलगाडी घेऊन यायचा आणि नवरी न्यावी तशी पेटी घेऊन जायचा. कुणी नारळ फोडायचं, कुणी पेटीला हळदकुंकू लावायचं. तातेरावाने अशा किती पेट्या खांद्यावर घेतल्या असतील त्याची गणती नव्हती, पण उघडलेलं इंजन त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. ही गोष्ट त्याला झोंबायची. भार आपण सोसायचा आणि आत काय आहे ते आपल्याला माहीत नाही, हे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं.

मग कानावर आलं की भोकरदनकडे, पिंपळगाव रेणुकाईच्याही पलीकडे, माळावर एक शाळा निघाली आहे. सातवी पास माणसाला तिथे डिझेल इंजन खोलायला आणि जोडायला शिकवतात. तातेराव सातवी पास होता. लग्न झालेलं होतं, वय वाढलेलं होतं, पण शाळेने वयाची अट घातली नव्हती. त्याने धक्क्याला रामराम ठोकला आणि घरी येऊन बापाला सांगितलं.

बाप भिवा बाजेवर बसून तंबाखू मळत होता. त्याचा हात थांबला.

"पोरा, पोतं उचलताना कुनी जात इचारत न्हाई," तो म्हणाला. "पन इंजन बसतं इहिरीत. तुला कोन उतरू देईन?"

भिवाचं चुकत नव्हतं. पंपाला फार खोलून पाणी ओढता येत नाही, म्हणून आपल्याकडे इंजन विहिरीच्या आत, अर्ध्यावर दगडी कट्टा काढून त्यावर बसवतात. आणि भिवाने छप्पन साली बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली, घरातले देव गोदावरीत सोडले, तरी गावोगावच्या विहिरींनी काही दीक्षा घेतली नव्हती.

"उतरू देत्याल," तातेराव म्हणाला. "न्हाई दिलं तर तव्हा बघू."

बायको प्रभावती दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी भांडी पोत्यात भरून तीच आधी तयार झाली.

आषाढात ती दोघं माळावर पोचली आणि वाऱ्याने त्यांचं स्वागत केलं. कसला वारा म्हणता! त्याने त्या माळावर बस्तानच मांडलेलं होतं. झाड म्हणावं तर चार बाभळी, त्याही एका अंगाला वाकलेल्या. शाळा म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि शेजारी शिकणाऱ्यांसाठी खोल्या. पत्र्यांवर दगड ठेवलेले, तरी दिवसभर ते धडाधडा वाजायचे. प्रभावती भाकरी थापायला बसली की परातीतलं पीठ आधी तिच्या तोंडावर यायचं. वाळत घातलेलं लुगडं एकदा बाभळीवर जाऊन अडकलं, ते काढताना फाटलं, आणि तिने वाऱ्याला अशा शिव्या घातल्या की शेडमधली पोरं हातातले पान्हे टाकून बाहेर आली.

"मेला माणसाला बोलूबी देईना!" ती नवऱ्याच्या कानाशी ओरडली.

"मंग जायचं का माघारी?"

"म्या तसं म्हन्ले का?" असं म्हणून तिने ओल्या गोणपाटाचा पडदा चुलीभोवती ठोकला आणि भाकरी टाकली.

शिकवायला कारभारी मिस्त्री होते. बुटके, कमी बोलणारे, हाताच्या रेषांत कायमचं ऑइल मुरलेलं. ते इंजन खोलायचे, सगळे भाग सतरंजीवर मांडायचे आणि म्हणायचे, "आता जोडा." जोडताना एखादा बोल्ट उरला की पुन्हा सगळं खोलायला लावायचे. तातेराव उशिरा सुरू झालेला, म्हणून सगळ्यांच्या आधी शेडमध्ये जायचा. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, नोझल, ही नावं तो भाकरी खातानाही पुटपुटायचा. प्रभावतीलाही ती पाठ झाली.

दिवाळी सरली, माळ सुकला आणि वाऱ्याबरोबर माती उडायला लागली. मिस्त्रींनी ताकीद दिली की डिझेल टाकीत ओतताना कापडातून गाळूनच ओतायचं, कारण मातीचा एक कण नोझलचं वाटोळं करतो. त्या दिवशी पाळी तातेरावाची होती. प्रभावतीने जुन्या लुगड्याचं स्वच्छ फडकं काढलं, घरात पाणी गाळायच्या फडक्याला करतो तसं पाण्यात बुचकळलं, पिळलं, चौघडी घालून त्याच्या हातात दिलं. कोरड्या फडक्यातून माती निसटते, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. तातेरावालाही ते इतकं बराबर वाटलं की विचार करायचं कारणच पडलं नाही. त्याने डिझेल गाळलं, हँडल मारलं. इंजन दोनदा खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि गप्प झालं.

मिस्त्रींनी टाकीखालचा नट सैल करून तळातलं डिझेल तळहातावर घेतलं. त्यात पाण्याचे थेंब मोत्यासारखे फिरत होते. शेडमध्ये हशा पिकला. धर्मराज नावाचा एक जण शिकायला होता, चांगल्या बागायतदाराचा मुलगा. तो म्हणाला, "ज्याला इहिरीवर पानी न्हाई, त्यानं इंजनाला पानी पाजलं!"

हशा एकदम थांबला. काही जणांनी खाली पाहिलं. तातेरावाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्याने पान्हा घेतला, टाकी काढली, नळी काढली, नोझल काढलं, सगळं पुसलं, वाळवलं आणि इंजन चालू करूनच जेवायला उठला. जेवताना प्रभावती रडायला लागली. चूक माझी, म्हणाली. तो म्हणाला, "चूक फडक्याची हाय. डिझेलला ओलं फडकं चालत न्हाई, हे मला आजपोतर कुनी शिकवलं नव्हतं, ते आज शिकलो." तरी त्या टोमण्याचा काटा आत रुतून बसला तो बसलाच.

शाळेची एक पद्धत होती. शेवटी मिस्त्री चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला आसपासच्या एकेका शेतकऱ्याची विहीर द्यायचे. तिथलं इंजन खोलायचं, बिघाड काढायचा, चालू करायचं. मालकाने शाळेत येऊन सगळ्यांसमोर "काम बराबर आहे" म्हटलं की दाखला मिळणार. मालक बोलला नाही तर दाखला नाही.

तातेरावाला माळाखालच्या गावातल्या सर्जेरावाची विहीर आली.

पौषाचे दिवस होते. सर्जेरावाचा गहू पोटरीत, ओंबी निघायच्या बेतात आलेला आणि इंजन बंद. तातेराव हत्यारांची पिशवी घेऊन गेला, तर पंपाचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी सर्जेरावाची आई दुर्गाबाई उभी होती. तिने त्याला नाव विचारलं, मग बापाचं नाव विचारलं, मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"आमच्या इहिरीत न्हाई उतरायचं," ती म्हणाली.

सर्जेरावाने डोक्यावरचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. "माझं काही न्हाई, तातेराव. पन आईचं ऐकावं लागतं."

माझं काही नाही म्हणणाऱ्या माणसांनी आपल्या मुलखात जेवढी वाट अडवली आहे, तेवढी तोंडावर नाही म्हणणाऱ्यांनीही अडवली नसेल. सर्जेराव वाईट माणूस नव्हता, त्याने तोडगाही काढला. आठ-दहा माणसं लावून, दोर बांधून इंजन वर ओढू, तू वरच दुरुस्त कर. धर्मराज तिथे आला होता. टोमणा मारल्यापासून तो तातेरावाशी जरा अवघडूनच वागत होता. तो म्हणाला, "मी खाली उतरतो. तू वरून सांग, मी करतो. दाखला तुझा." संध्याकाळी कारभारी मिस्त्रीही म्हणाले, "शाळेच्या इंजनावर तुझी परीक्षा घेतो. मी स्वतः लिहून देतो. उगं डोकं कशाला लावतो?"

तिघांचाही हेतू चांगला होता. तातेरावाला त्या चांगुलपणाचाच राग आला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तुमी दाखला द्याल. मी त्यो घेऊन कुठं जाऊ? इंजनं इहिरीत हायेत. आज मी वर राह्यलो, तर जलमभर वरच राहीन. मंग मालधक्का काय वाईट व्हता?"



"मंग काय करनार?" घरी प्रभावतीने विचारलं.

"बसनार. त्याच्या बांधावर."

दुसऱ्या दिवसापासून तातेराव सकाळी पिशवी घेऊन जायचा आणि सर्जेरावाच्या विहिरीजवळ बांधावर बसायचा. भांडत नव्हता, विनवत नव्हता. उत्तरेचा गार, कोरडा वारा माळावरून सुटून थेट त्या रानात घुसायचा. ओठ फुटले, डोळे लाल झाले. दुपारी प्रभावती पदराखाली भाकरी झाकून आणायची आणि शेजारी बसून राहायची. दुर्गाबाई म्हणायची, "बसू द्या, वाऱ्यानं उडून जाईन." तो काही उडाला नाही. पण त्याच वाऱ्याने जमिनीतली ओल चाटूनपुसून खाल्ली. गव्हाची पानं आधी टोकांना पिवळी पडली, मग देठापर्यंत. सर्जेरावाने भोकरदनला माणूस धाडला, तिथला मिस्त्री लग्नाला गेला होता. दोर बांधून इंजन ओढायलाही माणसं जमेनात, कारण ज्याचा त्याचा गहू तहानलेला होता.

एके सकाळी सर्जेराव पिकातून चालत आला. त्याच्या मुठीत वाळलेली पानं होती. तो आईकडे न बघता म्हणाला, "उतर."

"त्यो उतरला तर या इहिरीचं पानी मी तोंडात घेनार न्हाई!" दुर्गाबाई कडाडली.

सर्जेराव घुटमळला. तातेरावाला कळत होतं की हा माणूस आता माघारी फिरला, तर आपल्यालाही माळावरून माघारीच जावं लागेल. सर्जेरावाने मुठीतली पानं खाली टाकली.

"उतर म्हन्लो ना," तो म्हणाला. "जल्दी."

तातेराव दगडी पायऱ्या उतरला. पाच-सहा पायऱ्या गेला आणि वारा थांबला. आषाढापासून कानात घोंघावणारा तो आवाज एकदम गेला आणि त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. त्याने बिडी पेटवली. काडी पहिल्याच फटक्यात लागली. मग तो कट्ट्यावर बसला आणि इंजन खोललं.

रिंग तुटली होती, व्हॉल्व्हवर काजळी चढली होती. पिशवीतली नवी रिंग बसवत, काजळी खरवडत तो दुपार कलेपर्यंत वाकून होता. वर काठावर गाव जमलं होतं. सगळं जोडून त्याने इंजनावरचा, आतली हवा सोडायचा दांडा उचलला, हँडल जोरात फिरवलं, दांडा सोडला. धड्, धड्, धड्... सगळी विहीर त्या आवाजाने भरली. पाइप थरथरला आणि वर थारोळ्यात पाणी कोसळलं. पोरं ओरडली, सर्जेराव पाटाकडे धावला.

तातेराव लगेच वर आला नाही. त्याने हातावरचं ऑइल मातीने घासून काढलं, शेवटच्या पायरीवर उतरला आणि काठावरच्या सगळ्यांच्या देखत ओंजळीने पाणी प्याला. पोटभर प्याला. त्याला रडू आलं, ते त्याने त्याच पाण्याने धुतलं. काठावरून प्रभावती पदर तोंडाशी धरून त्याच्याकडे बघत होती.

सर्जेराव शाळेत आला आणि "काम बराबर आहे" म्हणाला. मालधक्क्यावर परत जायचं कारण उरलं नव्हतं. तातेरावाने गावाच्या फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकलं.

दुर्गाबाईने मात्र शब्द पाळला. तिने पुतण्याच्या विहिरीचं पाणी सुरू केलं. पुढच्या साली पुतण्याच्या इंजनाचा पिस्टन जाम झाला आणि तातेराव तिथे उतरला. ती तिसऱ्या विहिरीवर गेली. तिथलं नोझल गेलं. तातेरावाने मुद्दाम काही केलं नाही हो, इंजनं आपल्या कर्माने बंद पडत होती. पण तो येऊन गेला की म्हातारी विहीर बदलायची आणि दर खेपेला नवी विहीर आधीच्यापेक्षा लांब असायची. शेवटी ओढ्याकाठची एक उरली. एका उन्हाळ्यात पाणी इतकं खोल गेलं की पोहऱ्याचा दोर पुरेना, आणि नेमकं तेव्हाच तिथलं इंजन अडलं.

सर्जेराव सायकलवर फाट्यावर आला. "आईनं सांगून धाडलं," तो खाली बघत म्हणाला. "तातेरावला म्हनावं, जल्दी ये."

तातेराव गेला. म्हातारी थारोळ्याजवळ दगडावर बसलेली होती. तो तिच्यासमोरून पायऱ्या उतरला, दुरुस्ती केली, हँडल मारलं, पाणी वर चढलं. मग हात पुसत वर आला, थारोळ्याच्या कडेला उभा राहिला, आणि दुर्गाबाईने वाकून पहिली ओंजळ पिईपर्यंत तिथून हलला नाही.