डाव्या बुटाची ताई

मुलांना गोष्ट वाचून दाखवताना ताई त्यांच्या तोंडाकडे कधीच बघायची नाही. पायांकडे बघायची. "तोंडं खोटं बोलतात," ती म्हणायची. "घरून दटावून पाठवलेलं असतं, नीट ऐक म्हणून. पायांना कोण दटावणार?" म्हणून वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत तिने हट्टाने उंच बाक करून घेतले होते, बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकू नयेत असे. गोष्ट रंगली की लोंबकळणारे पाय थांबायचे, कंटाळा आला की हलायला लागायचे. पाय हलले की ताई वाचता वाचता कागदावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारायची आणि घरी येऊन तेवढा मजकूर निर्दयपणे काढून टाकायची.

तिची धाकटी बहीण मागच्या भिंतीला टेकून उभी असायची. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हिची हयात गेली. ताईचं प्रत्येक पुस्तक आधी हिच्या हाताखालून जायचं आणि मगच छापायला. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. एकाच घरात राहायच्या, एकीचं टेबल खिडकीपाशी आणि दुसरीचं दारापाशी. एकीने लिहायचं आणि दुसरीने चुका काढायच्या, असा त्यांचा संसार. "माझा सगळ्यात मोठा टीकाकार माझ्याच घरात बसून फुकटचा चहा पितो," ताई चारचौघांत सांगायची आणि घरी आल्यावर तो चहासुद्धा धाकटीलाच करायला लावायची.

ताईने पुष्कळ लिहिलं, पण नाव झालं ते डाव्यामुळे. डाव्या म्हणजे एक बूट. एके सकाळी त्याला जाग येते तर शेजारी उजवा नाही. तेव्हापासून बिचारा त्याला शोधत हिंडतोय. पहिल्या पुस्तकात चांभाराकडे, मग इस्पितळात, मग शाळेत, मग बंदरावर. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी उजवा हाताशी येता येता निसटायचा. वाचणारी मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, तरी डाव्या आपला चालतोच आहे. एका विद्वान गृहस्थांनी लिहिलं की हा बूट म्हणजे आजच्या माणसाच्या तुटलेपणाचं प्रतीक होय. ताईने ते धाकटीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "अगं, हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

मुलांचा अभिप्राय देण्याचा प्रकार निराळा होता. ती सरळ बूट आणून द्यायची. सुरुवात एका मुलीने केली. वाचन संपल्यावर ती ताईपुढे आली आणि पाठीमागे लपवलेला बूट पुढे करून म्हणाली, "हा उजवाच आहे. मी दोनदा बघून आणलाय." हे बाकीच्यांनी पाहिलं आणि मग काय विचारता! टपालाने बूट, शाळांमधून बूट, प्रकाशकाच्या दाराशी पिशवीत बांधलेले बूट. प्रकाशकाच्या नाकी नऊ आले. "ताई, हे प्रकाशन आहे की चपलांचं दुकान?" तो म्हणाला. "बरं, दुकान म्हणावं तर एकाचाही जोड नाही!"

एक आई तर भांडायलाच आली. तिचा मुलगा एकाच पायात बूट घालून शाळेत गेला होता आणि दुसरा त्याने डाव्यासाठी खिडकीत ठेवला होता. ताईने तिची हात जोडून माफी मागितली. ती गेल्यावर मात्र धाकटीला म्हणाली, "याच्यापुढे ते सगळे पुरस्कार झक मारतात."

एकदा एक मुलगा सगळे जाईपर्यंत थांबला. शांत, जरा वयापेक्षा मोठा वाटणारा. "उजवा मेला असेल तर तसं सांगून टाक," तो म्हणाला. "नुसतं फिरवू नकोस."

ताईने त्याच्या पायांकडे पाहिलं. ते अगदी स्थिर होते.

"मेलेला नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. शेवटच्या पुस्तकात भेटेल. माझा शब्द."

तो मुलगा कोण, त्याचं कोण गेलं, हे दोघींना कधीच कळलं नाही. पण त्या दिवसापासून शेवटचं पुस्तक हे ताईच्या डोक्यावरचं ओझं झालं.

सही घ्यायला रांग लागायची. ताई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "घरात तुला काय म्हणतात?" शाळेतलं नाव तिला नको असायचं. मग पुस्तकावर 'गोळीला', 'भोपळ्याला', 'राजाला' असं लिहायची. एक मुलगी फुरंगटून म्हणाली होती, "घरात मला 'अगं ए' म्हणतात." ताईने गंभीरपणे लिहिलं, 'अगं ए हिला, डाव्याकडून.' पोरगी इतकी खूश झाली की पुस्तक उराशी धरून पळाली.

"आणि तुला घरात काय म्हणतात?" एकाने उलट विचारलं.

"ताई."

"ते बाहेर. घरात?"

"घरातसुद्धा ताईच. ही जन्मली आणि मी ताई झाले," तिने धाकटीकडे बोट दाखवलं.

"त्याच्या आधी?"

"आधीचं आता कुणाला आठवतंय!" ताई म्हणाली आणि सगळे हसले.

पहिली चूक धाकटीला हस्तलिखितात सापडली. डाव्या एका पानावर पूल ओलांडून गेला आणि पुढच्याच पानावर पुन्हा तोच पूल ओलांडायला आला. धाकटीने एक पूल काढला आणि सांधा बेमालूम बसवला. मग डाव्याची नाडी मधेच तपकिरीची निळी झाली, ती तिने पुन्हा तपकिरी केली. मग चांभाराची बायको दोन प्रकरणांत दोनदा पहिल्यांदाच भेटली. मुद्रितं तपासणाऱ्याचा हात चूक दिसली की पुढे होतो, ती का झाली हे विचारत बसत नाही. घरातही तसंच. उघडा राहिलेला नळ, साखरेच्या डब्यात सापडलेली किल्ली, दुपारी दुसऱ्यांदा मांडलेलं जेवण, सगळं धाकटी हळूच जागच्या जागी लावायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिचं धोरण. दोन पुस्तकं अशी बाहेर पडली. 'लेखणी अजूनही तितकीच ताजी' असं छापून आलं तेव्हा धाकटीला गुदगुल्या झाल्या. वेडी कुठली! कोणाची ताजी आणि कोणाची शिळी, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं आणि तिने ते स्वतःलाही सांगितलं नाही.

आणि मग वाचनालयातला तो दिवस आला. ताईने एक पान वाचलं, उलटलं, परत मागे आली आणि तेच पान वाचलं. मुलं गोंधळली. तिने ते तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा एकजण ओरडला, "आणि डाव्या म्हणाला!" ताईच्या तोंडून पुढचं वाक्य बाहेर पडायच्या आत खोलीभर पोरांनी ते म्हटलं. मग टाळ्या, मग हसू, मग "पुन्हा, पुन्हा!" ताईने पायांकडे पाहिलं. एकही पाय हलत नव्हता. सगळे पुढच्या चुकीची वाट बघत होते, खेळात बघतात तशी.

"आज एकसुद्धा रेघ मारावी लागली नाही," घरी येताना ताई म्हणाली. तिचा चेहरा नुसता उजळला होता. "इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं गं."

"नाही झालं," धाकटी म्हणाली. दुसऱ्याच दिवशी ती ताईला इस्पितळात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी ताईला चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला सांगितले, नंतर धाकटीला एकटीला आत बोलावलं.

"इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? या लिहिणाऱ्या बाई. लिहिण्यात तर सगळ्यात आधी दिसलं असेल."

"दिसलं होतं," धाकटी म्हणाली. "मी ते दुरुस्त केलं."

डॉक्टरीणबाईंनी तेही कागदावर टिपून घेतलं. रागावल्या असत्या, तर धाकटीला बरं वाटलं असतं.

शेवटचं पुस्तक ताई रोज सकाळी लिहायची. रोज पहिल्यापासून. डाव्या रस्ता तुडवत यायचा, एका घरापाशी थांबायचा, पायरी चढायचा आणि दारापाशी पोचायचा. तिथे ताईचा हात थांबायचा. दुसऱ्या दिवशी डाव्या पुन्हा रस्त्यावर. दाराच्या आत काय आहे ते ताईला आठवेना, आणि आठवत नाही हेही हळूहळू आठवेनासं झालं.

"शेवट तुम्हीच लिहा," प्रकाशक धाकटीला म्हणाला. "त्यांची भाषा तुमच्याइतकी कुणाला येते? कुणाला कळणारसुद्धा नाही."

धाकटीने प्रयत्न केला. नाही असं नाही. दार उघडलं, उजवा बाहेर आला, दोघांनी मिठी मारली. लिहिलेलं तिने तपासून पाहिलं. एकही चूक नव्हती त्यात आणि जीवही नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं झाडूनपुसून ठेवणाऱ्या बाईकडे स्वतःचं एक वाक्य निघू नये, याचं तिला त्या दिवशी रडू आलं. तिने कागद फाडले. शब्द ताईने दिला होता आणि मुलांना दिला होता. निदान आहे तेवढं घेऊन मुलांच्या पायांपुढे तरी जाऊ, असं तिने ठरवलं.

वाचनालयात ताई बरोबर होतीच. कोटाचं एक बटण वरच्या काजात गेलं होतं. धाकटीने ते नीट करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आत शिरल्यावर ताई आपल्या खुर्चीकडे वळली नाही. ती सरळ मुलांमध्ये गेली आणि बाकावर जागा करून बसली. अंगाने ती पहिल्यापासून बुटकीच, तिचेही पाय जमिनीला टेकेनात. मुलांना यात काही वावगं वाटलं नाही, सगळी सरकली.

खुर्चीत धाकटी बसली. वाचायला लागली. ती तोंडाकडे बघत नव्हती. बाकाखाली लहान लहान पायांच्या रांगेत ते दोन सुजलेले पाय झोके घेत होते. डाव्या रस्त्यावर आला आणि ते मंदावले. पायरी चढला आणि ते थांबले. दारापाशी कागद संपला.

"पुढे?" सगळ्यांच्या आधी ताईनेच विचारलं. "पुढे काय झालं?"

असं कुणी विचारलं की ताई जे म्हणायची, तेच धाकटीच्या तोंडून निघालं. "तुला काय वाटतं?"

"त्यात काय वाटायचं?" ताई म्हणाली. "उजवा आतच आहे की. पलंगाखाली. तो कुठे गेलाच नव्हता. हाच वेंधळा घराबाहेर पडला आणि वर म्हणतो, उजवा हरवला."

खोलीत एक पाय हलला नाही.

"मग उजव्याने हाक का नाही मारली?" एका मुलीने विचारलं.

ताईने विचार केला. "मारत होता ना. रोज मारत होता. याला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला तरी मारतोय."

धाकटीने मांडीवरच्या कागदावर ते उतरवून घेतलं, जसं बोललं तसं. अक्षरं दिसत नव्हती, पण एक शब्द तिने इकडचा तिकडे केला नाही. डाव्याला घर मिळालं होतं. ताईने शब्द पाळला होता आणि तिला ते सांगून उपयोग नव्हता.

मग सवयीने रांग लागली. मुलं जुनी पुस्तकं घेऊन आली आणि धाकटी टेबलाशी बसून विचारत गेली, "घरात तुला काय म्हणतात?" तिने मान वर केली तेव्हा रांगेच्या शेवटी ताई उभी होती. कपाटातलं डाव्याचं पहिलं पुस्तक तिने छातीशी धरलं होतं. पुढचा मुलगा सरकला की तीही एक पाऊल सरकायची, मधे घुसायची नाही. तिची पाळी आली. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि धाकटीकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, जरा लाजत.

धाकटीने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. "घरात तुला काय म्हणतात?"

"टुणी."

हे नाव धाकटीने आजवर ऐकलं नव्हतं. आईच्या तोंडून नाही, कुणाच्याच तोंडून नाही. ऐकणार कशी? ती जन्मली त्या दिवशी ते नाव घरातून गेलं होतं.

"टुणी," धाकटी म्हणाली. "घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"आई-बाबा. आणि मी." मग ती टेबलावर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पण आईला बाळ होणारे. मी ताई होणारे."

"हो?"

"कधीची वाट बघतेय. येतच नाही."

"येईल हं," धाकटी म्हणाली. "निघालंय ते."

तिने पुस्तकावर लिहिलं, 'टुणीला, डाव्याकडून.' ताईने ते वाचलं, शाई वाळावी म्हणून दोनदा फुंकर घातली आणि पुस्तक उघडं धरून ती परत बाकावर जाऊन बसली. मुलं घरी गेली, वाचनालयवाल्या बाईंनी एकेक दिवा मालवला. ताई दाराकडे बघत होती आणि तिचे पाय हलत होते.