डोक्यावरचा पोर्तुगाल

धामणगाव बढ्यात माझे केस कापणाऱ्या माणसाला जगातल्या वणव्यांचा नाद आहे. बाकीचे मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर पाहतात, तर हा स्पेन आणि पोर्तुगालमध्ये कोणत्या वर्षी किती जंगल जळालं ते पाहतो. मुद्दा संपला की कात्री हवेत दोनदा वाजवतो.

त्या दिवशी संध्याकाळी मलकापूरला वणव्यांवर माझं भाषण होतं. खुर्चीत बसल्यावर मी सहज विचारलं, "जास्त कोणाचं जळते?"

"देशाच्या आकाराच्या मानानं पाहा. डावीकडं स्पेन, उजवीकडं पोर्तुगाल," म्हणत त्यानं मशीन लावली आणि एकेका वर्षाचा एकेक पट्टा काढला. मी आरशात पाहिलं. डावीकडे चार ठिगळं होती, उजवीकडे कानापासून टाळूपर्यंत उजाड.

"हे काय केलं राजेहो! डावी बाजूबी तेवढीच काढा."

"काऊन? स्पेनचं तेवढं नाही जळलं, भाऊ."

"मग सगळंच काढा!"

"अन् न जळालेलं जंगलबी जळालं म्हणून सांगू?" त्यानं माझ्या भाषणाचंच पत्रक पुढे धरलं. त्यावर मी ठळक छापलं होतं: आकडे फिरवणाऱ्यांना माफी नाही. कात्री दोनदा वाजली.

सभेत डोक्याचं कारण सांगितल्याशिवाय लोक भाषण सुरू होऊ देईनात. सांगितलं, तर अर्धी सभा पोर्तुगाल पाहायला माझ्या मागे येऊन उभी राहिली. गर्दीतून ओळखीचा आवाज आला, "कानामागचं वर्षबी पाहा बरं, ते लय वाईट होतं!"