गाडीखालचा पत्रा

तापलेल्या इंजिन ऑइलचा वास आला की अजूनही मी आधी गाडीखाली वाकून बघतो. बागेकडे जाणाऱ्या कातळावरच्या वाटेने आमच्या पिकअपचा ऑइल चेंबर दोनदा फोडला, तेव्हा मी गाडीच्या पोटाखाली जाड लोखंडी पत्रा बसवायचं ठरवलं. वेल्डर म्हणाला, “काका, नटबोल्टवर बसवू, खोलता येईल.” मी म्हणालो, “खोलायचाय कशाला? चारी बाजूंनी कडा उचल आणि वेल्डिंगच मार.” गाडीतलं मला फार कळतं, असा तेव्हा माझा समज होता. आठवड्याभरात गाडीला असा घाण वास सुटला की काच उघडी ठेवूनही श्वास घेववेना. आदल्याच दिवशी धाकटा भाऊ ती घेऊन बंदरावर गेला होता. भर अंगणात, बायकामुलांसमोर मी त्याला विचारलं, “चोरून मासळी भरलीस ना?” “नाय रे दादा, रिकामी नेली, रिकामी आणली!” मी ऐकलं नाही, आणि त्याने माझ्यासोबत जेवायला बसणं सोडलं. वास काही जाईना, म्हणून चार दिवसांनी वेल्डरने पत्रा कापला आणि इंजिनाच्या फटीतून पत्र्यात उतरून अडकलेली, गळक्या तेलात, अळ्यांसकट थबथबलेली, अर्धी शिजून फुटलेली घूस माझ्या चपलेवर पडली. मी कुंपण धरून ओकत राहिलो. भावानेच नाकाला पंचा बांधून कोयतीने पत्रा खरवडला आणि विचारलं, “दादा, नीट बघून सांग, सुरमई की पापलेट?” माफी मागणं मला अजून जमलेलं नाही, पण घरात सुरमई तळली की तो नुसता माझ्याकडे बघतो, आणि मी मुकाट्याने माझी तुकडी त्याच्या ताटात ठेवतो.